‘ऐन बॅचच्या वेळी सर्व्हर बंद केला’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, "ऐन बॅचच्या वेळी सर्व्हर बंद केला, दोन तास मुलं नुसती बसून होती, वर फुकटच्या अपडेटचे १,८०० रुपये घेतले." मुलांचा वेळ गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आमची चूक झाली ती सांगतो. तुमच्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) गेल्या वर्षी आमच्याच दुकानातल्या मुलाने हाताने बसवला होता. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, बदलला की तो ड्रायव्हर आपोआप नव्याने तयार होईल अशी सोय करायची राहिली, आणि येण्याआधी मीही तपासलं नाही. मशीन उठलं, पण लॅबला नेटवर्क नाही. मोबाइलच्या नेटवर फायली उतरवून ड्रायव्हर पुन्हा कंपाइल केला, त्यात पावणेदोन तास गेले.

पण "ऐन बॅचच्या वेळी" हे मात्र लागलं, सर.

धुळवडीच्या आठवड्यातच मी तुम्हाला फोन केला होता. लिनक्स कर्नलच्या नेटफिल्टर या नेटवर्कची ये-जा गाळणाऱ्या भागातल्या चुकीचा (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-१०८६) गैरफायदा घेणारा कोड तेव्हा उघड झाला होता. त्याने साध्या लॉगिनवरून रूट होता येतं, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा मिळतो. तुमच्याकडे मुलं त्याच सर्व्हरवर लॉगिन करून लिनक्स शिकतात, म्हणजे असा कोड चालवून बघणारा कोणीतरी निघणारच, आणि तोही तुमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी! दुरुस्ती जानेवारीतच आली होती. तुमच्या सर्व्हरवरच्या उबुंटू २२.०४ या लिनक्सने ती आपणहून उतरवूनही घेतली होती. पण नवा कर्नल डिस्कवर येऊन उपयोग नसतो, रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच चालतो. मशीन अनंत चतुर्दशीपासून एकदाही बंद झालं नव्हतं, १९५ दिवस. लॉगिन केल्यावर ‘सिस्टीम रीस्टार्ट रिक्वायर्ड’ अशी ओळ रोज येत होती. यूपीएस चांगला असल्याचा हा तोटा.

मी ३१ मार्चचा रविवार मागितला, तुमची टेस्ट सिरीज होती. ७ एप्रिललाही तेच. रेल्वेसुद्धा मेगाब्लॉक रविवारीच घेते, सर. मग पाडव्याला येतो म्हटलं, क्लास बंदच होता. "सणाच्या दिवशी कशाला, उद्या एक वाजता या, चारपर्यंत बॅच नाही," हे तुमचे शब्द. बुधवारी १२ वाजून ५० मिनिटांनी मी दादरहून चर्नी रोडला उतरून तुमच्या दारात होतो. लॅबला कुलूप. किल्ली असलेले शिपाई जेवायला गेले होते, ते आले ३ वाजून २५ मिनिटांनी. तोवर तुम्हाला चार मेसेज टाकले, चारही मोबाइलमध्ये आहेत. तेव्हाच परत गेलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

रीस्टार्टनंतर नेटवर्क येईना तेव्हा, जुन्या कर्नलवर परत जा, पाच मिनिटांत बॅच सुरू होईल, असं तुम्ही म्हणालात. खरं आहे, मशीन सुरू होताना कर्नल निवडायचा जो ग्रबचा मेनू येतो, त्यात तो होताच. मी नाही म्हटलं, कारण ज्या भोकासाठी आलो ते उघडं ठेवून, वर चाळीस मुलांना त्यावर बसवून जाणं मला जमलं नसतं. त्या वेळी आवाज थोडा चढला असेल, त्याचीही माफी.

पैशांचं म्हणाल तर उबुंटूचा एक पैसाही घेतलेला नाही. पूर्ण बॅकअप, येणं-जाणं आणि संध्याकाळी साडेसहापर्यंतचं काम, याचे ते १,८००. ड्रायव्हरच्या वेळेचे धरलेले नाहीत, बिल पुन्हा बघा.

दुकान मी आणि भाऊ दोघंच चालवतो. आसपासचे छोटे क्लास, दवाखाने एकमेकांना विचारूनच आमच्याकडे येतात. तुमचं वाचून कालपासून दोघांचे फोन आले, म्हणून इतकं लांबलं. मशीन आता सुरक्षित आहे, नाहीतर इथे हे लिहिलंच नसतं.

यापुढे वेळा लेखी ठरवू, ड्रायव्हरची यादीही करतोय. चालू कर्नललाच ठिगळ लावणाऱ्या लाइव्हपॅचचंही बघतो, पण त्याने प्रत्येक रीस्टार्ट टळत नाही. मेच्या सुट्टीत एक फेरी मारून जाईन, तिचे पैसे नकोत. फक्त किल्ली कोणाकडे असेल ते आदल्या दिवशी कळवा.