त्या दोन ग्लासांविषयी

काल, २४ डिसेंबरच्या रात्री, आमच्याच इमारतीतल्या एका मैत्रिणीकडे आम्ही चार कुटुंबे मुलाबाळांसह जमलो होतो आणि नाताळचा सिनेमा म्हणून सर्वांनी मिळून 'ग्रीन बुक' हा खऱ्या माणसांवर बेतलेला अमेरिकी चित्रपट पाहिला. शेवटी नाताळच्या पूर्वसंध्येला कृष्णवर्णीय पियानोवादक डॉन शर्ली दौऱ्यावरच्या आपल्या गोऱ्या ड्रायव्हरच्या, टोनीच्या, दारात येऊन उभे राहतात, भरलेले घर क्षणभर गप्प होते, मग त्यांच्यासाठी जेवणाच्या टेबलाशी जागा केली जाते आणि टोनीची बायको डोलोरेस त्यांना मिठी मारते, तेव्हा खोलीतल्या बहुतेकांचे डोळे ओलावले होते. माझेही ओलावले होते. त्यानंतर दहा मिनिटांच्या आत, भांड्यांसाठी मुद्दाम उशिरापर्यंत थांबवून घेतलेल्या मावशींना चहा दिला गेला आणि तो बाल्कनीच्या खिडकीत वेगळा ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातून दिला गेला. मी ते पाहिले आणि एक शब्दही बोलले नाही. आज सकाळपासून मला दुसरे काही सुचत नाही, म्हणून लिहिते आहे.

ज्यांनी हा सिनेमा पाहिला आहे त्यांना सुरुवातीचा एक प्रसंग आठवत असेल. साल १९६२, टोनीचे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधले घर. दुरुस्तीच्या कामासाठी दोन कृष्णवर्णीय कामगार आलेले असतात आणि डोलोरेस त्यांना काचेच्या ग्लासांतून सरबत देते. पुढे टोनी ते दोन्ही ग्लास उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. डोलोरेसला ते डब्यात दिसतात आणि ती मुकाट्याने बाहेर काढते. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने तेवढ्यात विचारले, "आई, ग्लास फुटले होते का?" मी "नंतर सांगते" म्हणाले. अजून सांगितलेले नाही.

कारण ते सांगायचे तर वाईच्या आमच्या वाड्यातल्या परसदारापासून सुरुवात करावी लागेल. तिथे भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एक कप आणि एक बशी कायम पालथी घातलेली असे. आमच्याकडे लाकडे फोडायला येणाऱ्या गृहस्थांची ती कपबशी. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांना चहा नेऊन देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा आजीने पहिल्याच दिवशी बजावले होते, "वरून ओत गं, टेकवू नकोस." ते साठीचे होते. घरातले सगळे, माझा कॉलेजात जाणारा काकासुद्धा, त्यांना एकेरी हाक मारत आणि ते मला ताईसाहेब म्हणत. चहा पिऊन झाला की ते स्वतःच नळाखाली कपबशी विसळत आणि पुन्हा कोनाड्यात पालथी घालून ठेवत.

टोनी वाईट आहे असे सिनेमा कुठेही म्हणत नाही, आणि माझी आजीही वाईट नव्हती. संताप येतो तो नेमका याच गोष्टीचा. शर्ली म्हणजे कार्नेगी हॉलच्या वरच्या मजल्यावर राहणारे, असामान्य दर्जाचे पियानोवादक. त्यांना अमेरिकेच्या दक्षिणेतल्या दौऱ्यावर निघताना 'ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका सोबत घ्यावी लागते. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या हार्लेममधल्या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये ती काढली, कारण कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठल्या गावात खोली मिळेल आणि कुठे जेवायला बसू देतील, हे आधी ठाऊक असणे हा जिवाचा प्रश्न होता. सिनेमात अलाबामातल्या बर्मिंगहॅमला तर ज्या क्लबात शर्लींचा कार्यक्रम असतो, त्याच क्लबच्या भोजनगृहात त्यांना जेवू दिले जात नाही. इतकी दारे बंद झालेला तो माणूस शेवटी पुन्हा स्वतःच जिने चढून, शॅम्पेनची बाटली घेऊन, टोनीच्या दारात उभा राहतो. टोनीने त्याला आधी वर बोलावले होते, हे खरे. पण टोनी त्या दोन ग्लासांविषयी शर्लींना अखेरपर्यंत काही सांगत नाही. त्यांना मिठी मारणाऱ्या डोलोरेसला ग्लासांचे ठाऊक असते, तीही बोलत नाही. प्रेक्षकांच्या तर ते लक्षातही राहत नाहीत. आपण डोळे पुसतो आणि पेला बाल्कनीच्या खिडकीतच राहतो.

हा सिनेमा टोनीच्या मुलाच्या सहलेखनातून आला आणि शर्लींच्या कुटुंबीयांनी या मैत्रीच्या चित्रणावर आक्षेप घेतला, हे बहुतेकांनी २०१९ मध्ये ऑस्करच्या वेळी वाचले असेल. शर्ली स्वतः जुन्या ध्वनिमुद्रणांमध्ये टोनीविषयी विश्वासाने बोललेले आहेत, हेही मला मान्य करावे लागते. मुलांनी असे सिनेमे पाहावेत, हेही मान्य. तरीही मैत्रीची गोष्ट सांगताना ज्याने ग्लास टाकले त्याचे मन कसे बदलले एवढेच जर दाखवले, आणि ज्याचे ग्लास टाकले गेले तो कामगार पहिल्या काही मिनिटांनंतर पुन्हा दिसलाच नाही, तर ती अर्धीच गोष्ट झाली असे मला वाटते.

शर्लींचा जन्म जानेवारी १९२७ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आपल्यापैकी कोणाला हे वर्ष नव्याने सांगायला नको. आपण सगळे त्या तळ्याविषयी भरभरून बोलतो, दर वर्षी लिहितो. आमच्या वाड्यातला तो कोनाडा चवदार तळ्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनीही भरलेला होता, आणि वाई ते महाड हे अंतर काही फार नाही.

लिहिता लिहिता राग जरा निवला आहे आणि आई आठवते आहे. एकदा आजी गावाला गेलेली असताना आईने ती कपबशी घरात आणली, आमच्या कपांबरोबर घासली आणि फडताळात आमच्या कपांशेजारी लावली. त्या दिवशी लाकडे फोडणाऱ्या त्या गृहस्थांनी आमच्यातल्याच एका निळ्या फुलांच्या कपातून चहा घेतला. चहा घेताना त्यांचे दोन्ही हात थरथरत होते आणि ते सारखे आतल्या दाराकडे पाहत होते. चार दिवसांनी आजी परतली आणि कान तुटलेला कप कोनाड्यात परत गेला. आई काही बोलली नाही. डोलोरेस डब्यातून ग्लास काढताना मला काल आईच दिसली, आणि म्हणूनच कदाचित मी मैत्रिणीला काही बोलू शकले नाही. गप्प राहून चांगले वागण्याची आमच्या घरातल्या बायकांची फार जुनी सवय आहे.

मैत्रिणीशी मी आज संध्याकाळी बोलणार आहे. ती रागावेल, आणि तिचेही काही चुकीचे नसेल, कारण कालच्या कालच, मावशी समोर असताना, हे बोलायला हवे होते.

वाडा विकला तेव्हा आम्ही सगळी भावंडे भांडी वाटून घ्यायला गेलो होतो. तांब्याचा बंब, पितळी डबे, आजीची फुलपात्री, सगळ्याच्या वाटण्या झाल्या. कपबशी तेव्हाही कोनाड्यात पालथी होती. सर्वांनी ती पाहिली आणि कोणीही उचलली नाही. मीही नाही.