स्तंभ उंच दिसला पाहिजे

तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत ‘याला कॉम्प्युटरचं कळतं’ असा तुमचा लौकिक एकदा झाला, की दरवर्षीचा सप्टेंबर गेलाच म्हणून समजा. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि अहवाल छापखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी चेअरमनसाहेबांना साक्षात्कार होतो, की नुसत्या आकड्यांनी अहवाल रुक्ष दिसतो. ‘दोन-चार ग्राफ टाका की राव.’ हे दोन-चार ग्राफ टाकण्याचं एक शास्त्र आहे आणि ते एक्सेलच्या क्लासात शिकवत नाहीत.

क्लासात शिकवतात ते एवढंच: तक्ता निवडा, ऑल्ट आणि एफ-१ एकदम दाबा, स्तंभालेख हजर. असा फुकटात आलेला आलेख अहवालात घालण्याचा आळशीपणा करू नका. तो जे आहे ते दाखवतो. जे आहे ते ताळेबंदातही छापलेलं असतं, पण ताळेबंद कोणी वाचत नाही आणि त्यावरच संस्थेची शांतता टिकून आहे. आलेख मात्र सगळे बघतात, अगदी अहवालाच्या कागदाने वारा घेणारेही. म्हणून तो हाताने घडवावा लागतो.

पहिल्याच फटक्यात एक गंमत होईल. पहिल्या रकान्यात २०१९ ते २०२५ अशी सालं आणि वर ‘वर्ष’ असं शीर्षक असेल, तर एक्सेल सालांनाही आकडेच समजतं आणि त्यांचेही स्तंभ उभारतं. नव्वदीतल्या ठेवी तळाशी दिसेनाशा होतात आणि शेजारी दोन हजारांच्या वर उंची असलेली सात सालं ओळीने उभी राहतात. कोपऱ्यातल्या चौकटीतलं ‘वर्ष’ पुसून मग आलेख काढला की हे थांबतं. पण पुसण्याआधी चेअरमनना एकदा दाखवून बघा. दरवर्षी न चुकता वाढणारी संस्थेतली ती एकमेव गोष्ट आहे.

आता मुख्य काम. समजा, ठेवी गेल्या वर्षी ९६.२ कोटी होत्या आणि यंदा ९७.१ कोटी आहेत. वाढ एक टक्कासुद्धा नाही. जुन्या ठेवींवरचं व्याज नुसतं जमा होत राहिलं असतं तरी याहून जास्त वाढ दिसली असती, म्हणजे लोक पैसे काढून नेतायत, हे सभेतल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना कागद-पेन्सिल न घेता कळतं. शून्यापासून सुरू होणाऱ्या आलेखात हे दोन स्तंभ एकाच उंचीचे दिसतात. मग संचालक मंडळाने वर्षभर काय केलं? तेव्हा उभ्या अक्षावर डबल क्लिक करा. उजवीकडे ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’ची पट्टी उघडेल. तिथे ‘मिनिमम’च्या चौकटीत जो आकडा असेल, तो काढून ९६ लिहा आणि एंटर मारा. झालं. आता गेल्या वर्षीचा स्तंभ ०.२ उंचीचा आणि यंदाचा १.१ उंचीचा. साडेपाच पट! एवढी भरभराट करायला कार्यक्षेत्रात धरण बांधावं लागलं असतं.

अक्षावर ९६, ९६.५, ९७ असे आकडे अजून दिसत असतील. तेवढ्यासाठी अक्षच पुसण्याचा गावंढळपणा नको. ‘लेबल पोझिशन’मध्ये जाऊन ‘नन’ निवडा. अक्ष राहतो, मोजपट्टी राहते, फक्त आकडे जातात. कोणी याला फसवणूक म्हटलंच, तर शांतपणे सांगा की आलेखात एकही आकडा खोटा नाही. आकडाच नाही, तर खोटा कुठून असणार?

इथे एखादा शहाणा म्हणेल, रेषेचा आलेख काढा, त्यात शून्यापासून सुरुवात केली नाही तरी चालतं. त्याचं म्हणणं बरोबर आहे. रेषेत डोळा चढ-उतार बघतो, स्तंभात लांबी मोजतो. म्हणूनच स्तंभ सोडायचा नाही. १९८४ साली विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅक्‌गिल या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी माणसाला आलेखातलं काय अचूक वाचता येतं हे प्रयोग करून तपासलं. एकाच पट्टीवर मांडलेली स्थिती सर्वांत चांगली कळते, कोन आणि क्षेत्रफळ त्याहून वाईट, आणि घनफळ तर आणखी वाईट. आलेख सोपे व्हावेत म्हणून त्यांनी एवढे कष्ट घेतले. सोपं काय ते कळलं, की टाळायचं काय तेही आपोआप कळतं.

कोन, क्षेत्रफळ आणि घनफळ हे तिन्ही एकाच ठिकाणी मिळतात असा आलेख म्हणजे थ्रीडी पाय चार्ट, कापांत वाटलेली जाड तबकडी. कर्जवाटपाला हाच घ्या. सोनेतारण, वाहन, घरबांधणी, व्यवसाय आणि पाचवा काप थकबाकीचा. थकबाकीचा काप नेहमी मागे ठेवायचा. त्यासाठी ‘अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस’ अशी एक सरकपट्टी आहे, ती शून्य ते ३६० अंशांपर्यंत हवी तशी फिरवा. तबकडी तिरकी असल्यामुळे मागचा काप चपटा दिसतो आणि पुढच्या कापाला वर जाडी मिळते, म्हणजे सोनेतारण आहे त्यापेक्षा ऐसपैस दिसतं. मग थकबाकीला फिका राखाडी रंग द्या. राखाडी रंगाकडे बघून आजवर कोणी वसुली अधिकाऱ्याचं नाव विचारलेलं नाही.

हा पाय चार्ट पहिल्यांदा १८०१ साली विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने छापला. उस्मानी साम्राज्याचा किती मुलूख आशियात, किती युरोपात आणि किती आफ्रिकेत हे त्याला दाखवायचं होतं. स्तंभ आणि रेषेचे आर्थिक आलेखही त्याचेच, १७८६ सालचे. आणि या दोन शोधांच्या मधल्या काळात हे गृहस्थ पॅरिसमध्ये बसून सायोटो कंपनीतर्फे फ्रेंच लोकांना अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठची जमीन विकत होते. १७९० साली बायकामुलांसह समुद्र ओलांडून लोक तिथे पोचले, तेव्हा कळलं की कंपनीकडे त्या जमिनीची मालकीच नव्हती. मुळातच एवढी परंपरा लाभलेल्या कलेत आपण नवं काही पाप करतोय अशी खंत बाळगण्याचं कारण नाही.

दोन अक्षांचा आलेख झटपट आटोपता येतो. एका रेषेवर ठेवी घ्या, दुसरीवर संस्थेने वृक्षारोपणात लावलेली झाडं. दुसऱ्या रेषेवर राइट क्लिक करून ती ‘सेकंडरी अ‍ॅक्सिस’वर टाका आणि दोन्ही अक्षांचे किमान-कमाल आकडे असे जुळवा, की रेषा गळ्यात गळे घालून वर चढतील. झाडं लावली म्हणून ठेवी आल्या की ठेवी आल्या म्हणून झाडं लावली, यावर संचालकांना भाषणात दहा मिनिटं सहज बोलता येतं. झाडं जगली का, हा वेगळा तक्ता आहे.

ट्रेंडलाइनवर, म्हणजे आकड्यांचा कल दाखवणाऱ्या रेषेवर, मात्र थोडं थांबू, कारण यातला चमत्कार फार थोड्या लोकांना माहीत आहे. सात वर्षांच्या ठेवींच्या रेषेवर राइट क्लिक करा आणि ‘अ‍ॅड ट्रेंडलाइन’ घ्या. एक्सेल आपणहून सरळ रेष देतं. सरळ गोष्टी आपल्या कामाच्या नाहीत. ‘पॉलिनॉमियल’, म्हणजे वळणं घेणारी रेष, निवडा. शेजारी ‘ऑर्डर’ची, म्हणजे घाताची, चौकट येते, तिच्यात दोनपासून सहापर्यंत आकडा घालता येतो. सहा घाला. खाली ‘डिस्प्ले आर-स्क्वेअर्ड’वर खूण करा; रेष बिंदूंशी किती जुळते, ते हा आकडा सांगतो. आलेखावर उमटेल: १. पूर्ण १! एकही बिंदू रेषेबाहेर नाही, शास्त्राचा शिक्का बसला. बीजगणिताच्या मास्तरांना यात नवल वाटणार नाही, कारण दोन बिंदूंतून जशी सरळ रेष जातेच तशी सात बिंदूंतून सहाव्या घाताची वक्ररेषा जातेच, बिंदू कुठेही असोत. ठेवींच्या जागी सात संचालकांच्या चपलांचे नंबर भरले तरी उत्तर १च येईल. पण हे सभेत सांगायला मास्तरांना माइक मिळायला हवा, आणि माइक कोणाच्या हातात असतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता त्याच पट्टीत ‘फोरकास्ट’च्या खाली ‘फॉरवर्ड’ म्हणून चौकट आहे. तिथे २ लिहा, म्हणजे रेष आणखी दोन वर्षं पुढे धावेल. धावेल म्हणजे उधळेल. एक तर कागदाच्या वरच्या कडेला जाऊन भिडेल, नाहीतर तळातून पार खाली जाईल. वर गेली, तर खाली ‘संकल्पित प्रगती’ असं लिहून छापायला द्या. खाली गेली, तर घाबरू नका, एखादं साल काढून टाका आणि पाचवा घात घ्या. सहा बिंदू, पाचवा घात, उत्तर पुन्हा १. कोणतं साल काढायचं, हे रेष वर जाईपर्यंत आलटूनपालटून ठरवावं.

साल नुसतं पुसलं तर तक्त्यात भोक दिसतं. त्यापेक्षा ती ओळ ‘हाइड’ करा. लपवलेल्या ओळी आलेखातूनही आपोआप गायब होतात, तशी एक्सेलची मूळ रीतच आहे. ‘सिलेक्ट डेटा’त ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ असं बटण असतं. तिथल्या खुणेने लपवलेलं परत दिसू लागतं, तेव्हा त्या बटणाचा पत्ता अंतर्गत हिशेबतपासनिसाला देऊ नका. त्याच जागी रिकाम्या चौकटींचं काय करायचं तेही विचारतात: मोकळी जागा सोडू, शून्य धरू की बिंदू रेषेने जोडू? जोडा. जी शाखा आठ महिने बंद होती, तिचा व्यवसायही मग सुरळीत चाललेला दिसतो.

एक सावधगिरी. तक्ता निवडून कंट्रोल आणि टी कधीही दाबू नका. त्याने तक्त्याचं ‘टेबल’ होतं आणि खाली नवी ओळ भरली की ती आलेखात आपसूक शिरते. आपल्याला असा आगाऊपणा परवडणारा नाही. निवड एखाद-दोन ओळी आधीच संपलेली बरी, आणि यात मोठमोठ्यांचा दाखला आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली देशांचं कर्ज आणि विकासदर यांवर निबंध लिहिला. सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणारे जगभरचे काटकसरवादी तो हातात घेऊन फिरले. २०१३ मध्ये अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचीच एक्सेल फाइल उघडून पाहिली, तर सरासरीच्या सूत्रात वर्णानुक्रमातले पहिले पाच देश आलेच नव्हते. ऑस्ट्रेलिया ते डेन्मार्क, सगळे बाहेर. पाच देश सुटतात तिथे तुमची थकबाकीची एक ओळ सुटली, तर कोण बोलणार? फक्त फाइल विद्यार्थ्याच्या हाती लागू देऊ नका. छापखान्याला पीडीएफ द्या.

चेअरमनांचा मुलगा पुण्याला एमबीए करत असेल, तर त्याला ‘डॅशबोर्ड’ लागेल आणि डॅशबोर्डवर गाडीसारखा काटेवाला मीटर लागेल. एक्सेलमध्ये तो तयार मिळत नाही, म्हणूनच त्याची प्रतिष्ठा आहे. आधी डोनट चार्ट, म्हणजे मध्ये भोक असलेली तबकडी, घ्या: ४०, ४०, २० आणि १००. तो २७० अंश फिरवा आणि शेवटच्या १०० चा रंग काढून टाका, म्हणजे खालचा अर्धा भाग अदृश्य होतो. त्यावर पाय चार्ट बसवा, त्यालाही २७० अंश फिरवा: पहिला आकडा वसुलीचा, दुसरा काट्याच्या जाडीपुरता २, तिसरा उरलेला, सगळे मिळून २००. काटा सोडून बाकी सारं बिनरंगी. दुपार जाते, पण वसुलीचा एक आकडा दाखवायला सात आकडे आणि दोन आलेख खर्ची पडले, याचं समाधान वेगळंच. काटा हिरव्या पट्ट्यात येत नसेल तर काट्याला हात लावू नका, तो आकड्याशी बांधलेला आहे. पट्टा सरकवा. पट्टा तुमचा आहे.

कोटींचं काय करायचं तेही सांगतो. अक्षाच्या ‘डिस्प्ले युनिट्स’मध्ये लाख-कोटी या नावांना थारा नाही, मिलियन आणि बिलियन मात्र आहेत. तक्त्यात पूर्ण रुपये भरा आणि बिनदिक्कत मिलियन घ्या. ९७.१ कोटींचे ९७१ मिलियन होतात. ९७१ हा आकडा भारदस्त आहे आणि त्याचे कोटी करेपर्यंत सभा पुढच्या विषयावर गेलेली असते.

रंगांवर वेळ घालवू नका. अहवाल काळ्या-पांढऱ्यातच छापला जाणार. हा फायदा हिरवा आणि हा तोटा लाल, अशी तुमची कितीही सुंदर योजना असली, तरी दोन्ही एकाच करड्या रंगात उतरतात आणि बाजूची सूची निरुपयोगी होते. आपल्या कामात छापखान्याकडे एवढी मदत कोणी मागितली नव्हती.

सगळं मनासारखं जमलं, की आलेखावर राइट क्लिक करून ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’ घ्या. अक्ष, रंग, तिरकी तबकडी असं सारं सीआरटीएक्स नावाच्या छोट्या फाइलमध्ये राहतं. पुढच्या सप्टेंबरात फक्त नवे आकडे भरायचे. घाई असेल, तर नुसतं शीर्षकातलं साल बदललं तरी चालतं.