हीटिंग मॅट मुंबईत कशाला?
घरात बियांपासून रोपं करण्यावरच्या एका लेखात बियांच्या ट्रेखाली हीटिंग मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, ठेवायला सांगितलंय, ते थंड प्रदेशांत ठीक. टोमॅटो-मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत छान रुजतं आणि तेवढी ऊब आमच्या परळच्या खोलीत जवळजवळ वर्षभर फुकट मिळते! इथे खरी मारामार उजेडाची. समोरची इमारत ऊन अडवते, मग रोपं नुसती उंच वाढून मान टाकतात. पावसाळ्यात दमट हवेने बुरशी लागून देठ मातीलगत कुजतो तो वेगळाच ताप. म्हणून पाणी ट्रेच्या खालून द्यावं, ट्रेतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ते आपसूक शोषून घेतं. पंख्याचा हलका वाराही लागू द्यावा. दसऱ्याला घरचा झेंडू हवा तर बी जुलैत पेरा. कोथिंबीर मात्र ट्रेत नको, तिला जागा बदललेली सोसत नाही. धणे रगडून थेट कुंडीतच.