दाराच्या टबाबद्दल राहिलेला मुद्दा

अंघोळीच्या टबांवरच्या लेखात गुडघे-कंबर अधू असलेल्यांसाठी दार असलेला टब, म्हणजे बाजूचं दार उघडून आत चालत जाता येईल असा टब, सर्वांत सुरक्षित म्हटला आहे. उंबरठा कमी, हे खरं. पण त्यात माणूस आत बसल्यावर दार लावून मगच पाणी भरायचं, आणि सगळं पाणी निघून जाईपर्यंत दार उघडता येत नाही. म्हणजे दोन्ही वेळा अंगावर कपडा नसताना कुडकुडत बसणं आलं. वयस्कर माणसाला हे फार जाचतं. शिवाय दार आत उघडणारं असेल आणि आत कुणाला चक्कर आली, तर ते उघडणंच कठीण होतं. याचा लेखात उल्लेख हवा होता.

व्हीलचेअरवरून सरकून बसायचं असेल तर मला सपाट जमिनीचा शॉवर आणि ४३ ते ४८ सेंटिमीटर उंचीची पक्की बैठक कितीतरी बरी वाटते. खुर्ची वळवायला सुमारे दीड मीटर मोकळी जागा मात्र लागतेच. आधाराचे दांडे भिंतीत स्क्रूने घट्ट बसवलेले हवेत. रबरी चकतीने चिकटणाऱ्यांवर अंगाचा भार टाकू नये. आणि पायाला संवेदना कमी असेल तर पाण्याचं तापमान आपोआप मर्यादेत ठेवणारा नळ आधी बसवा, टब नंतर बघा.