‘आढळले नाही’ म्हणजे नाही असं नव्हे

आठवडाभर आमच्या सांगलीच्या घरच्या ग्रुपवर कृष्णेच्या पाण्यावरून वाद पेटलाय. दादानं घाटावरचं पाणी तपासून आणलं. रिपोर्टात कीटकनाशकांपुढं ‘आढळले नाही’. दादाच्या मते विषय संपला, पुतण्याच्या मते लॅबच विकली गेलीय. मी एवढंच विचारलं, रिकव्हरी किती आली, म्हणजे मुद्दाम घातलेल्या औषधातलं किती परत सापडलं? दादानं लिहिलं, ‘आमच्या नदीचं आम्ही बघू.’

दादा, पाणी तू प्लास्टिकच्या बाटलीत भरलंस, एप्रिलच्या उन्हात दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवलंस. फवारणीची काही औषधं बाटलीलाच चिकटतात, काही उष्णतेनं नाहीतर जंतूंनी मोडतात. वाटेतच निम्मं गेलं असेल तर मशीन काय दाखवणार?

नेदरलँड्समध्ये बारा वर्षं मी हेच तपासणीचं काम करतोय. पाणी कार्ट्रिजमधून, म्हणजे औषध धरून ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यातून ओढायचं, अडकलेलं औषध सॉल्व्हंटनं सोडवायचं, मग नायट्रोजनच्या फुंकरीखाली मिलिलिटरभर उरेपर्यंत आटवायचं. दर पायरीला थोडं हरवतंच. किती हरवलं ते कळावं म्हणून एका नमुन्यात औषध मुद्दाम मोजून घालतात. १०० नॅनोग्रॅम घालून ८० सापडले, तर रिकव्हरी ८० टक्के. इथं पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. तिथं निम्मं हरवलं तर नापास पाणी पास होतं.

एकदा आटवताना आईचा फोन घेतला नि नळी कोरडी पडली. रिकव्हरी ३४ टक्के. मी ते वहीत लिहिलं, अख्खी बॅच टाकली, नमुने परत मागवले. कुणी आवाज चढवला नाही. आपल्याकडं हा आकडा रिपोर्टावर छापायला काय हरकत आहे? इथली नदीही सोवळी नव्हती. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलजवळच्या गोदामाला आग लागली, कीटकनाशकं ऱ्हाइनमध्ये उतरली, मासे मेले.

‘आमच्या’ हा शब्द मात्र लागला. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा तासगावात मामांच्या ओट्यावर मीही बसलो होतो. आज रॉटरडॅमहून द्राक्षं आली की खोक्यावरचं गाव आधी वाचतो. आपल्याकडचं असलं तर हात थरथरतो, पास होऊ दे म्हणतो. तरी औषध तेवढंच मोजून घालतो, आणि निघेल तो आकडा लिहितो.

मेमध्ये येतोय. गडद काचेच्या बाटल्या मी आणतो, बर्फाचा डबा तू बघ.