'कोर्टात जा' म्हणणं सोपं आहे

आज ऑफिसात जेवताना एकाने सहज ऐकवलं, "निवडणुकीचा निकाल पटत नाही ना, मग कोर्टात जायचं. बोंबलायचं कशाला?" घास उतरेना माझा.

कोर्टात जाणं काय असतं ते माझ्या मामांना विचारा. विधानसभेला ते एका उमेदवाराचे मतमोजणी प्रतिनिधी होते. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत हायकोर्टात दाखल व्हावी लागते. ४६वा दिवस उजाडला की दार बंद. उशीर माफ करायची मुभा न्यायाधीशांनाही नाही. मामा बूथवाल्या पोरांच्या घरोघरी फिरले, फॉर्म १७सी (बूथवर किती मतं पडली त्याचा हिशेब) गोळा केले, वकिलाच्या ऑफिसात रात्री बसून पानांवर आकडे घातले. याचिका वेळेत गेली, २,००० रुपये अनामतही भरली. फक्त समोरच्यांना द्यायच्या प्रतींवर 'खरी प्रत' म्हणून उमेदवाराची सही राहून गेली. संपलं! लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८६ सांगतं, फेटाळा. मामांनी जमवलेल्या कागदांपर्यंत कुणी पोचलंच नाही.

मुदत हवी, मान्य. निवडून आलेल्याच्या डोक्यावर कायमची टांगती तलवार नको. बारीकसारीक चुका कोर्टं पोटात घालतात, तेही मान्य.

पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की सहा महिन्यांत निकाल देण्याचा 'प्रयत्न' करावा. म्हणजे याचिका करणाऱ्याला बेडी आणि व्यवस्थेला नुसती विनंती? आपल्याच मुंबईत बघा. विलेपार्ल्याची १९८७ची पोटनिवडणूक आणि दादरची १९९०ची निवडणूक, दोन्हींचा अंतिम निकाल सुप्रीम कोर्टाकडून आला डिसेंबर १९९५मध्ये. तोवर ज्या विधानसभांसाठी भांडण होतं त्या बरखास्त होऊन नवी विधानसभा बसली होती. तिथे कोण म्हणालं, मुदत टळली?

मामा कुणाला दोष देत नाहीत. उमेदवाराला नाही, वकिलालाही नाही. शेवटच्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे रांग होती, सगळेच थकलेले होते, एवढंच म्हणतात. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. पुढच्या निवडणुकीत ते मोजणीला गेलेच नाहीत.

मतदाराने शंका घेतली तर ती तपासली गेली पाहिजे, यात आपल्यात दुमत नाही. मग सही राहिली तर ती करायला आठ दिवस द्या, आणि सहा महिन्यांची अट कोर्टांवरही तेवढ्याच सक्तीने लावा. आमदार-खासदार मित्रयादीत असतील त्यांनी हे सभागृहात मांडावं.