सजवलेली जावा आणि ‘व्हिंटेज’चा भाव

जुन्या मोटरसायकली विकणाऱ्यांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो : साठच्या दशकातली जावा घ्या, तिला डिस्क ब्रेक, 12 व्होल्टचे वायरिंग, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि जमल्यास सेल्फ-स्टार्टही बसवा, घातलेला पैसा नफ्यासह वसूल होतो, गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, आरसीवर काही दाखवावे लागत नाही आणि टीटी फॉर्मवर (मालकी हस्तांतराच्या अर्जावर) सही केली की विकणारा मोकळा. यातल्या पहिल्याच विधानात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घेतो.

म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेल्या 250 सीसी जावाचे वायरिंग 6 व्होल्टचे होते, आणि इंजिन मंदावले की हेडलाइटही मिणमिणत असे. रस्त्यावर गाडी चालवू इच्छिणारा ग्राहक 12 व्होल्ट आणि पॉइंटविरहित, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, इग्निशन आनंदाने स्वीकारतो, कारण त्यासाठी फ्रेमला हात लावावा लागत नाही आणि काढलेला डायनामो जपून ठेवला असेल तर तो पुन्हा बसवता येतो. डिस्कचे तसे नाही. तिच्यासाठी बहुधा दुसऱ्या गाडीचे, पुढच्या चाकाला धरणारे फोर्क आणि चाक येते, आणि त्यापायी हेडलाइटभोवतीचे ते पत्र्याचे घर, ज्यात स्पीडोमीटरही बसवलेला असतो, उतरवावे लागते. सेल्फ तर आणखी विजोड. एकच दांडा आत दाबून वर फिरवला की किक आणि खाली आणला की गिअर, ही जावाची खरी ओळख, आणि चांगला भाव देणारा शौकीन नेमके त्याचेच पैसे मोजत असतो. ज्याला डिस्क आणि सेल्फ हवे आहे त्याच्यासाठी 2018 पासून नवी जावा बाजारात आहे, तेव्हा तो कापाकापी केलेल्या जुन्या गाडीसाठी जादा पैसे का देईल? माझ्या मते अशा विक्रीत काढून जपलेल्या मूळ भागांची पेटी नव्या डिस्कपेक्षा अधिक भाव मिळवून देते.

व्हिंटेजचा दावा सरळसरळ चुकीचा आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेली बसत नाही. 1983 नंतरची राजदूत 350 ही मोटरसायकल कितीही दुर्मीळ असली तरी आज या व्याख्येत येत नाही. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते, हे सांगायला सल्लागार सोयीस्करपणे विसरतात.

आरसीबाबतचा सल्ला तर विकणाऱ्याला थेट अडचणीत आणणारा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. निदान इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून, केलेला प्रत्येक बदल ग्राहकाला लेखी कळवावा आणि त्यातला कोणता नियमात बसतो हे आरटीओत विचारून घ्यावे.

राहता राहिला टीटी फॉर्म. या फॉर्मवर, म्हणजे फॉर्म 29 आणि 30 वर, नुसती सही करून गाडी सोपवणे म्हणजे हस्तांतरण नव्हे. नोंदीत नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ग्राहकाच्या नावाची आरसी निघेपर्यंत थर्ड पार्टी विमा चालू आहे ना, हेही विकणाऱ्यानेच पाहावे.